कैदी, नन आणि चहातलं दूध

भारतातल्या प्रौढ माणसाला रोज किती कॅल्शियम लागतं? १९९०च्या दशकात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, म्हणजे आयसीएमआरचं, उत्तर होतं ४०० मिलिग्रॅम. २०१०मध्ये ते ६०० झालं. २०२०मध्ये १०००. तीसेक वर्षांत आकडा अडीचपट झाला. या काळात आपल्या हाडांचं डिझाइन काही कुणी बदललेलं नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एखादा आकडा असा उड्या मारायला लागला की आम्ही आधी एकच प्रश्न विचारतो: हा मोजला कसा? कॅल्शियमच्या बाबतीत हा प्रश्न विचारत मागे मागे गेलो आणि वाटेत एक खुर्ची भेटली, एक गाय भेटली, दोन तुरुंग भेटले, बऱ्याच नन भेटल्या आणि शेवटी आपल्या स्वयंपाकघरातलं चहाचं पातेलंही भेटलं. त्याची ही गोष्ट.

जमा आणि खर्च

माणसाच्या पोटात काय गेलं आणि बाहेर काय आलं याचा पहिला चिकाटीचा हिशोब ठेवला तो इटलीतल्या पादुआच्या सांतोरिओनं. तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून तो जेवायचा, स्वतःचं वजन करायचा, अन्नाचं करायचा आणि शौचाचंही करायचा. अशी अनेक वर्षं घालवून त्यानं १६१४ साली पुस्तक काढलं. त्याच्या लक्षात आलं की जेवढं आत जातं तेवढं डोळ्यांना दिसेल असं बाहेर येत नाही. मधला बराच हिस्सा न दिसणाऱ्या घामावाटे आणि श्वासावाटे उडून जातो.

तेव्हा कॅल्शियम हा शब्दही नव्हता. चुना होता, चुनखडी होती. १८०८मध्ये लंडनमध्ये हम्फ्री डेव्हीनं चुन्यातून वीज सोडून हे मूलद्रव्य वेगळं काढलं आणि चुन्याच्या लॅटिन नावावरून त्याचं बारसं केलं. आपल्या पानाच्या डब्यातला चुना आणि दुधातलं कॅल्शियम यांचं नातं असं नावातच आहे.

१८३९मध्ये फ्रान्समधल्या बुसिंगोनं सांतोरिओची खुर्ची बाजूला ठेवली आणि गोठा गाठला. दुभत्या गायीनं किती चारा खाल्ला, किती पाणी प्यायलं, किती दूध, शेण आणि मूत्र दिलं, हे सगळं त्यानं तोललं आणि त्यातली मूलद्रव्यं तपासली. ‘आत किती, बाहेर किती, फरक किती’ या पद्धतीला पुढे ‘बॅलन्स स्टडी’ म्हणू लागले. आपल्या भाषेत ताळेबंद.

माणसासाठी हा ताळेबंद मांडायचा तर काम किळसवाणं आणि कंटाळवाणं आहे. माणसाला आठवडेच्या आठवडे एका जागी ठेवायचं. त्याच्या ताटासारखंच दुसरं ताट वाढायचं आणि ते प्रयोगशाळेत पाठवायचं. त्याची लघवी आणि शौच एक थेंब, एक कण न सांडता गोळा करायचं. कालावधी कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते कळावं म्हणून त्याला कार्माइन नावाचा लाल रंग खायला द्यायचा. मग सगळ्याची राख करायची, तिच्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटच्या रूपात खाली बसवायचं आणि पोटॅशियम परमँगनेटनं टायट्रेशन करायचं. बारावीच्या प्रॅक्टिकलला ब्युरेटमधून थेंब थेंब सोडून गुलाबी छटा आली की थांबायचो, ते आठवतंय? जगाला किती कॅल्शियम हवं याचे पहिले आकडे त्या गुलाबी छटेतून आलेले आहेत.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या हेन्री शेरमननं १९२०मध्ये तोवरचे असे प्रयोग एकत्र केले आणि सरासरी काढली. ७० किलोच्या माणसाला ताळेबंद शून्यावर ठेवायला रोज सुमारे ४५० मिलिग्रॅम. १९४१मध्ये अमेरिकेनं आपल्या पहिल्या अधिकृत शिफारशी काढल्या तेव्हा प्रौढांसाठी आकडा ठेवला ८००.

इथे एक गंमत आहे, आणि ती इंजिनिअरला लगेच खुपते. शरीरात साधारण एक किलोच्या आसपास कॅल्शियम असतं, त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. समजा, रोजच्या ताळेबंदात फक्त २० मिलिग्रॅमची तूट आहे. वर्षाला होतात सात ग्रॅम, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. पण वीस वर्षं हे चाललं तर हाड पोकळ होत जातं. ही २० मिलिग्रॅमची तूट शोधायची कशातून? तर शेकडो मिलिग्रॅमच्या दोन आकड्यांच्या वजाबाकीतून. त्यातही ताटात उरलेला घास मोजायचा राहिला तर जमा जास्त दिसते, शौचाचा नमुना हुकला तर खर्च कमी दिसतो. घामातून गेलेलं तर बहुतेक वेळा कुणी धरतच नाही. तिन्ही चुका एकाच बाजूला कलतात: माणूस आहे त्यापेक्षा सुखात दिसतो.

रक्त तपासून का नाही चालत?

एवढी उठाठेव कशाला, सरळ रक्तातलं कॅल्शियम बघा की, असं वाटेल. तिथेच तर मेख आहे. रक्तातलं कॅल्शियम शरीर अगदी अरुंद पट्ट्यात धरून ठेवतं, डेसिलिटरला साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम. कारण हृदयाचे ठोके आणि स्नायूंचं आकुंचन त्यावर चालतं. आहारातून कमी आलं तर मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांना हुकूम सोडतात: काढा थोडं. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल राहतो, बिल हाड भरतं.

दिवे गेले तरी इन्व्हर्टरमुळे घरातला पंखा फिरत राहतो, तसं हे आहे. पंख्याकडे बघून लाइट आहे की नाही ते कळत नाही. म्हणून निरोगी माणसानं किती कॅल्शियम खाल्लं ते जाणून घ्यायला अजूनही दोनच मार्ग उरतात: त्याला कोंडून मोजा, नाहीतर त्याला विचारा.

कोंडून मोजलेली माणसं

कोंडायला सोपी माणसं कोण? जी आधीच कोंडलेली आहेत.

हार्वर्डच्या मार्क हेगस्टेडनं १९५२मध्ये पेरूची राजधानी लिमा इथल्या तुरुंगातल्या कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही माणसं जन्मभर कमी कॅल्शियमच्या आहारावर वाढलेली. त्यांचा ताळेबंद रोजच्या १०० ते २०० मिलिग्रॅमवरही शून्यावर येत होता. म्हणजे शेरमनच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी, आणि अमेरिकी शिफारशीच्या तर पाव हिश्श्याच्या आत. १९५८मध्ये नॉर्वेच्या ओले माल्मनं ऑस्लोच्या तुरुंगातल्या २६ कैद्यांवरचा प्रदीर्घ अभ्यास छापला. त्यांचं कॅल्शियम साधारण निम्म्यावर आणलं, तेव्हा बहुतेकांची शरीरं सावकाश जुळवून घेत गेली. काहींना मात्र ते जमलं नाही.

या अभ्यासांचा परिणाम मोठा झाला. १९६२मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञांनी प्रौढांसाठी ४०० ते ५०० मिलिग्रॅम सुचवले. आपल्याकडचा ४००चा आकडाही त्याच विचारपरंपरेतला.

मग आल्या नन. अमेरिकेतल्या ओमाहा शहरात, क्रेटन विद्यापीठात रॉबर्ट हीनीनं १९६७मध्ये सुमारे १९० कॅथलिक ननचा अभ्यास सुरू केला. त्या साधारण पस्तिशी ते पंचेचाळिशीतल्या होत्या. ठरावीक वर्षांनी त्या आठ दिवस रुग्णालयात येऊन राहायच्या आणि त्यांचा ताळेबंद मांडला जायचा. असं दशकानुदशकं चाललं. अशा अभ्यासाला याहून चांगली माणसं मिळणं कठीण: शिस्तीचं आयुष्य, बाळंतपणं नाहीत, आणि दिलेला शब्द पाळायची सवय. हीनी आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकाच्या शेवटी मांडलं की पाळी थांबल्यावर शरीराचं गणित बदलतं. आधी रोज साधारण एक ग्रॅमला जो ताळेबंद जुळायचा, त्याला नंतर दीड ग्रॅम लागतं. १९८४मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ परिषदेनं जवळपास हेच आकडे सुचवले आणि कॅल्शियमच्या गोळ्यांना बरकत आली.

म्हणजे लिमाचा कैदी म्हणतो २०० पुरे, ओमाहाची नन म्हणते १५०० हवेत. दोघांचंही मोजमाप खरं असू शकतं. एक आयुष्यभर कमी खाऊन काटकसर शिकलेला पुरुष आहे, दुसरी भरपूर दूध, मांस आणि मीठ असलेल्या देशातली, पन्नाशीतली स्त्री. आपल्यासाठी मधला कुठला तरी आकडा निवडायचा, हे काम विज्ञानाइतकंच विवेकाचंही आहे.

पुण्यातला वाद

हा विवेकाचा प्रश्न आपल्याकडे फार तीव्रतेनं लढवला गेला, पण कॅल्शियमवरून नाही, कॅलरीवरून. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११मध्ये जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे १९५१पासून जवळजवळ वीस वर्षं रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख होते. त्यांचं म्हणणं असं की एकाच माणसाची गरजही रोज सारखी नसते; शरीर एका मर्यादेत स्वतःला सांभाळून घेतं. म्हणून सरासरीच्या खाली दिसणारा प्रत्येक जण कुपोषित धरला तर उपासमारीचा आकडा फुगतो.

पुण्यातच वि. म. दांडेकरांनी नीलकंठ रथांसोबत १९७१मध्ये २२५० कॅलरींच्या आधारानं दारिद्र्याचा हिशोब मांडला होता. दांडेकरांना सुखात्म्यांचं म्हणणं पटलं नाही आणि १९८०च्या आसपास दोघांची जाहीर चकमक झडली. हा वाद वाचताना मला सारखा लिमाचा कैदी आठवत होता. शरीर कमीवर जुळवून घेतं, हे खरं. पण जुळवून घेणं म्हणजे पुरेसं असणं का? भाड्याला पैसे पुरत नाहीत म्हणून एका खोलीत सहा जण राहतात, तेव्हा महिन्याचा ताळेबंद जुळतोच. म्हणून सहा जणांना एक खोली पुरते, असं आपण म्हणत नाही.

विचारून मोजलेली माणसं

आता दुसरा मार्ग. १९४२मध्ये डोरोथी विलनं दक्षिण कॅलिफोर्नियातल्या विमान कारखान्यातल्या कामगारांना विचारलं, गेल्या २४ तासांत काय खाल्लं? १९४७मध्ये हार्वर्डच्या बर्था बर्कनं दीर्घ मुलाखतीतून माणसाच्या खाण्याचा ‘इतिहास’ काढायची पद्धत मांडली. १९८०च्या दशकात ‘हा पदार्थ महिन्यातून किती वेळा?’ अशा टिकमार्कच्या छापील प्रश्नावल्या आल्या. आज तुमच्या फोनवरचं डाएट अ‍ॅप याच घराण्यातलं आहे.

पण उत्तराचं मिलिग्रॅममध्ये रूपांतर करायला कोष्टक लागतं. ब्रिटनमध्ये ते रॉबर्ट मॅकन्स आणि एल्सी विडोसन या जोडीनं केलं. १९३३मध्ये लंडनच्या एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात त्यांची गाठ पडली. तो डॉक्टर, ही रसायनशास्त्रज्ञ. फळांतल्या साखरेचे तुझे आकडे चुकलेत, हे तिनं त्याला तोंडावर सांगितलं आणि तिथून साठ वर्षांची भागीदारी सुरू झाली. १९४०मध्ये त्यांचं कोष्टकांचं पुस्तक आलं. युद्ध सुरू होताच ती आणि त्यांचे सहकारी स्वतः तुटपुंज्या रेशनवर, भरपूर ब्रेड खाऊन राहिले. त्यांना आढळलं की कोंड्यासकट पिठाच्या ब्रेडमधलं फायटिक आम्ल कॅल्शियमला अडकवून ठेवतं. उपाय स्वस्त होता: पिठात खडूची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ब्रिटनमध्ये पांढऱ्या पिठात ते घालणं आजही कायद्यानं बंधनकारक आहे. कोंड्यासकटचं पीठ, ज्याच्यामुळे हे सुरू झालं, त्याला मात्र सूट आहे.

आपल्याकडे हे काम निलगिरीतल्या कुन्नूरला झालं. तिथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९२०च्या दशकात उंदरांचे गट करून त्यांना भारतातल्या वेगवेगळ्या लोकांचा आहार खायला घातला. शीख आहारावरचे उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले, मग पठाणी, तिसरे ‘मराठा’, आणि शेवटी मद्रासी. आपला तिसरा नंबर वाचून बरं वाटतं, पण यादी वाचताना मला ब्रिटिश लष्कराच्या ‘लढवय्या जमातीं’ची सावलीही दिसली. शिवाय शीख ताटात दूध होतं तसे गहू, डाळी आणि भाज्याही होत्या. श्रेय एकट्या दुधाला देता येत नाही. १९३७मध्ये तिथल्याच वॉलेस आयक्रॉइड यांनी भारतीय अन्नाची कोष्टकं पुस्तिकेच्या रूपात काढली. ही संस्था पुढे हैदराबादला गेली आणि राष्ट्रीय पोषण संस्था झाली.

त्याच संस्थेच्या दोन पुस्तकांतला एक आकडा बघा. १९७१च्या कोष्टकात १०० ग्रॅम म्हशीच्या दुधात कॅल्शियम आहे २१० मिलिग्रॅम. २०१७च्या नव्या कोष्टकात, १२१.

आता रोज पाव लिटर म्हशीचं दूध पिणारा माणूस घ्या. २०१०च्या हिशोबानं त्याला दुधातून साधारण ५२५ मिलिग्रॅम मिळत होतं, गरज ६००. म्हणजे जवळपास ८८ टक्के भागलं. आज तोच पेला साधारण ३०० मिलिग्रॅमचा आहे आणि गरज १०००ची. ३० टक्के. माणूस तोच, पेला तोच, कदाचित म्हैसही त्याच गोठ्यातली. अंश आणि छेद दोन्ही बदलले आणि बरा चाललेला माणूस लाल पट्टीत गेला.

नाचणीचा आकडा मात्र टिकून आहे: जुन्या पुस्तकात ३४४, नव्यात ३६४. वजनाला वजन धरलं तर दुधाच्या तिप्पट. फक्त कोष्टक सांगतं अन्नात किती आहे. शरीराला किती मिळतं ते वेगळं. ननवाल्या हीनीनंच १९८८मध्ये कॉनी वीव्हर आणि सहकाऱ्यांसोबत दाखवलं की दुधातलं सुमारे २७ टक्के कॅल्शियम शरीर घेतं, पालकातलं जेमतेम ५ टक्के. पालकातलं ऑक्झलेट त्याला धरून बसतं. बारावीच्या प्रयोगशाळेतलं तेच ऑक्झलेट.

‘मी दूध पीत नाही’

माझ्या आईची पन्नाशी उलटली आहे. मध्यंतरी एका आहारतज्ज्ञांकडे तिच्या फॉर्मवर प्रश्न होता: रोज किती ग्लास दूध पिता? आई म्हणाली, मी दूध पीत नाही. शून्य लिहिलं गेलं. ती खरंच बोलत होती. आमच्या घरी दूध ‘पिणं’ म्हणजे मुलांनी ग्लास तोंडाला लावणं.

मी घरी मापाचा कप घेऊन बसलो. तिचा दिवसातून चार वेळा चहा, प्रत्येकात साधारण ५० मिलिलिटर दूध. झाले २०० मिलिलिटर, म्हणजे २४० मिलिग्रॅम. दुपारी वाटीभर दही, आणखी शंभर-सव्वाशे. फॉर्मवरच्या शून्याचे प्रत्यक्षात ३५० झाले. उलटही घडतं. घरात दोन लिटर दूध येतं, माणसं चार, म्हणजे प्रत्येकी अर्धा लिटर, असा हिशोब केला तर आईच्या नावावर ६०० मिलिग्रॅम पडतात, जे तिच्या पोटात जातच नाहीत. सायीचं तूप होतं आणि तुपात कॅल्शियम जवळजवळ नसतं. पाहुण्यांना कॉफी होते. उरलेलं दूध कुणाला मिळतं ते सगळ्यात शेवटी कोण जेवतं त्यावर ठरतं.

आणि चुना? माझी आजी दिवसातून चार पानं खायची. काल काय खाल्लं या प्रश्नाला तिनं पान कधीच सांगितलं नसतं. ते तिच्या लेखी खाणं नव्हतंच.

देशपातळीवर हाच घोटाळा मोठ्या अक्षरांत होतो. २०२२-२३मध्ये भारतात दुधाची दरडोई उपलब्धता रोज ४५९ ग्रॅम होती. कागदावर प्रत्येकाला एकट्या दुधातून साडेपाचशे मिलिग्रॅम कॅल्शियम. पण हा उत्पादनाला लोकसंख्येनं भागून आलेला आकडा. तो मिठाईवाल्याच्या कढईत किती गेलं, ते सांगत नाही. एका घरात दोन लिटर आणि शेजारच्या घरात पावशेर, हेही सांगत नाही. घरखर्चाची सरकारी पाहणी एक पायरी खाली उतरते आणि घराच्या उंबरठ्यावर थांबते.

उंबरठा ओलांडणारे लोकही होते. १९७२मध्ये हैदराबादच्या संस्थेनं राष्ट्रीय पोषण निरीक्षण ब्युरो सुरू केला. महाराष्ट्रासह निवडक राज्यांत त्यांची माणसं गावोगाव जायची. सोबत ठरावीक मापांच्या वाट्या आणि चमचे असायचे. काल काय शिजलं, आणि त्यातलं कुणाच्या ताटात किती गेलं, हे त्या वाट्या दाखवून विचारायची. स्मरणाच्या सगळ्या चुका त्या आकड्यांत होत्याच. तरीही घरातल्या बाईच्या ताटात किती पडलं, हे त्यांनी वेगळं विचारलं. २०१५मध्ये हा ब्युरो बंद झाला.

आता मोजायची जागा फोननं घेतली आहे. डेटा भरपूर आहे, पण जो स्वतः नोंद करतो त्याचाच. आपल्या वयाचे, आपल्यासारखे, जिमला जाणारे लोक पनीरचा तुकडा न् तुकडा अ‍ॅपमध्ये भरतात. ज्यांच्या हाडांतून रोजचे वीस मिलिग्रॅम खरोखर जातायत, त्या बायका अ‍ॅप उघडत नाहीत, आणि विचारलं तर म्हणतात, मी दूध पीत नाही. त्यांच्याकडून खरा आकडा काढायचा असेल तर कुणीतरी वाटी हातात घेऊन, चहाच्या पातेल्याशेजारी बसून, तिला निवांत विचारायला हवं: तुझ्या कपात किती पडतं?